गुडघ्यातलं इंजेक्शन: स्टिरॉइड, जेल की पीआरपी? ठरवायचं कसं

ज्येष्ठ लागला की फलटणमधल्या माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीत एक प्रश्न रोज येतो. "ताई, माउलींची पालखी निघायला तीन आठवडे राहिलेत. गुडघ्यात एक इंजेक्शन घेऊन टाकू का?" विचारणारे साठीच्या पुढचे असतात. हातात एक्स-रेचं पाकीट, आणि सोबत आलेल्या मुलाच्या मोबाइलमध्ये कुठल्या तरी क्लिनिकची जाहिरात. कुणाला शेजारणीने जेलचं सांगितलेलं असतं, कुणाला भावकीतल्या कुणीतरी स्वतःच्या रक्ताचं, म्हणजे पीआरपीचं.

इंजेक्शन मी देत नाही, ते अस्थिरोगतज्ज्ञांचं काम. पण इंजेक्शन घेतलेले गुडघे गेली अठरा वर्षं माझ्या हाताखालून जात आहेत. एका इंजेक्शनवर वारी पूर्ण केलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि चाळीस-पन्नास हजार घालवून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबणारीही. कोणतं इंजेक्शन भारी, असं लोक विचारतात. मी आधी उलट विचारते: तुम्हाला ते कशासाठी हवंय आणि किती आठवड्यांसाठी? त्याचं उत्तर मिळालं की निम्मा निर्णय झालेला असतो.

आधी दुखणं ओळखा

गुडघा दुखतो म्हणजे झीजच झाली, असं धरून चालू नका. झिजेचं दुखणं साधारण पंचेचाळिशीनंतर येतं. चालल्यावर, जिना उतरताना, मांडी घालून बसल्यावर उठताना वाढतं आणि बसलं की उतरतं. सकाळी गुडघा आखडलेला असतो, पण अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. तासभर आखडलेला राहत असेल, सोबत हाताची बोटंही सुजत असतील तर तो आमवाताचा प्रकार असू शकतो. त्याची औषधं वेगळी. गुडघा एकाएकी लाल, गरम झाला आणि ताप आला, तर ते त्याच दिवशी दवाखान्यात जाण्याचं कारण आहे.

आणखी एक जागा बोटाने चाचपून बघा. सांध्याच्या खाली, आतल्या बाजूला, चार बोटं अंतरावर दाबल्यावर नेमकं तिथेच दुखतं का? तिथे स्नायूंच्या दोऱ्या हाडाला चिकटतात आणि त्यांच्याखाली एक छोटी पिशवी असते. ती सुजली की माणूस "गुडघा गेला" म्हणतो, आणि सांध्यात दिलेलं महागडं इंजेक्शन तिथवर पोचतच नाही. कधी खुब्याची झीजसुद्धा गुडघ्यात दुखते. म्हणून तपासणाऱ्या डॉक्टरांनी खुबा फिरवून बघितला नसेल तर तसं सांगा.

एक्स-रे उभं राहून काढलेला हवा. झोपवून काढलेल्या एक्स-रेत सांध्यातली जागा आहे त्यापेक्षा जास्त दिसते. आपल्याकडे ज्याला "गॅप कमी झालाय" म्हणतात ती ही जागा, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेची जाडी. झिजेच्या पायऱ्या शून्य (झीज नाही) ते चार (सर्वांत जास्त झीज) अशा मोजतात. केलग्रेन आणि लॉरेन्स या डॉक्टरांनी १९५७ मध्ये घालून दिलेली ही पद्धत आजही सगळीकडे चालते. तुमच्या रिपोर्टवर "ग्रेड" म्हणून लिहिलेला आकडा तो. मात्र त्या आकड्यावरून दुखणं मोजू नका. ग्रेड तीनचे गुडघे घेऊन दिवसभर कांदा खुरपणाऱ्या बायका माझ्याकडे येतात, आणि ग्रेड दोनवाल्यांना रात्री झोप नसते.

उपचाराच्या पायऱ्या सोडून इंजेक्शनवर उडी मारू नका. मांडीच्या पुढच्या स्नायूचा व्यायाम निदान सहा-आठ आठवडे, डायक्लोफेनॅकचं मलम, आणि वजन जास्त असेल तर ते कमी करणं, हे आधी. एक किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. हे मोजून सिद्ध झालेलं आहे. पाच किलो उतरवलेल्या माणसाला ते आकड्यात सांगावं लागत नाही.

स्टिरॉइड: लवकर येतं, लवकर जातं

सांध्यात स्टिरॉइड टोचण्याची पद्धत १९५१ पासूनची. आज आपल्याकडे बहुतेक वेळा ट्रायॲमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन वापरतात, अनेकदा भुलीच्या औषधात मिसळून. औषध काही शे रुपयांचं, म्हणजे सगळ्यांत स्वस्त. सांध्याच्या अस्तराला आलेली सूज ते दाबतं, म्हणून गुडघा सुजलेला, पाणी भरलेला असतो तेव्हा त्याचा उपयोग सर्वांत जास्त. दोन-चार दिवसांत आराम पडतो. तो टिकतो साधारण चार ते सहा आठवडे, काहींना तीन महिने.

खरी अडचण पुन्हा-पुन्हा घेण्यात आहे. अमेरिकेत बॉस्टनमध्ये १४० रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन वर्षं दर तीन महिन्यांनी निम्म्यांना ट्रायॲमसिनोलोन आणि निम्म्यांना साधं सलाइनचं पाणी गुडघ्यात दिलं. दोन वर्षांनी दुखण्यात दोन्ही गटांत दखल घेण्यासारखा फरक नव्हता, पण स्टिरॉइडवाल्यांची कूर्चा जास्त झिजली होती: सरासरी ०.२१ मिलिमीटर, पाणीवाल्यांची ०.१०. म्हणून दर तीन महिन्यांनी ठरल्यासारखं जाऊन टोचून घेणं मला पटत नाही. एखाद्या अडल्या वेळी एक, ही वेगळी गोष्ट. बहुतेक डॉक्टर दोन इंजेक्शनांमध्ये निदान तीन महिन्यांचं अंतर ठेवतात.

मधुमेह असेल तर हे नीट वाचा. सांध्यात दिलेलं स्टिरॉइड थोडं रक्तातही उतरतं आणि पुढचे काही दिवस साखर वाढते. माझ्याकडे येणाऱ्या लोणंदच्या एका काकूंची वही मी पाहिली आहे. इंजेक्शनच्या आदल्या सकाळी उपाशीपोटी १३८, दुसऱ्या दिवशी २६०, तिसऱ्या दिवशी २४७, आणि सातव्या दिवशी पुन्हा १४५. काकू घाबरल्या नाहीत, कारण डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं आणि त्या आठवड्यापुरता गोळीचा डोस ठरवून दिला होता. साखर आधीच हाताबाहेर असेल तर ती आटोक्यात येईपर्यंत थांबा.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. गुडघेदुखीसाठी कमरेत "ताकदीचं" म्हणून मारलेलं स्टिरॉइड आणि सांध्यात निर्जंतुक पद्धतीने दिलेलं स्टिरॉइड ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात औषध अंगभर फिरतं. दर पंधरवड्याला अशी इंजेक्शनं घेऊन चेहरा सुजलेली, हाडं ठिसूळ झालेली माणसं मी पाहिली आहेत. काय टोचलं त्याचं नाव कागदावर लिहून मागा. लिहून देत नसतील तर तिथे टोचून घेऊ नका.

जेल: वंगणाचं इंजेक्शन

निरोगी गुडघ्यात दोन-चार मिलीलिटरच वंगण असतं, आणि त्याला चिकटपणा येतो तो हायलुरोनिक ॲसिडमुळे. झिजलेल्या गुडघ्यात हे वंगण पातळ होतं, मग ते बाहेरून भरावं, असा यामागचा विचार. हंगेरीत जन्मलेले शास्त्रज्ञ एंद्रे बालाझ यांनी कोंबड्याच्या तुऱ्यातून हे द्रव्य शुद्ध करून काढलं. सुरुवातीला ते शर्यतीच्या घोड्यांच्या सांध्यांत वापरून पाहिलं गेलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गुडघ्यासाठी मान्यता दिली १९९७ मध्ये. आता जिवाणूंपासून तयार केलेले प्रकारही मिळतात. अंड्याची किंवा कोंबडीची ॲलर्जी असेल तर कोणता प्रकार आहे ते आधी विचारा.

काही जेल आठवड्याला एक अशी तीन ते पाच वेळा देतात, काही एकदाच मोठ्या मात्रेत. खर्च काही हजारांपासून पुढे, कंपनीनुसार. गुण यायला तीन ते पाच आठवडे लागतात आणि आला तर काही महिने टिकतो.

"आला तर" हे मी मुद्दाम लिहिलं. २०२२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १६९ चाचण्यांचा आणि एकवीस हजारांहून जास्त रुग्णांचा एकत्रित आढावा आला. त्यातल्या मोठ्या, नीट घेतलेल्या चाचण्यांत शंभर आकड्यांच्या दुखण्याच्या मापावर जेल आणि औषध नसलेलं खोटं इंजेक्शन यांत सुमारे दोनच आकड्यांचा फरक निघाला. एवढा फरक माणसाला जाणवतही नाही. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनी त्याच वर्षी जेल देऊ नका असं स्पष्ट सांगितलं. अमेरिकेतली अस्थिरोगतज्ज्ञांची संघटनाही सरसकट वापराच्या बाजूने नाही. तरीही काहींना आराम पडतो, हे मी नाकारत नाही. पण "वंगण भरलं की गाडी नवी" हे जे सांगितलं जातं ते खरं नाही. टोचलेलं जेल काही दिवसांतच शरीर शोषून घेतं, आणि झिजलेली कूर्चा त्याने परत येत नाही. पैसे मोजताना हे माहीत असू द्या.

पीआरपी: स्वतःचं रक्त

पीआरपी पाहायची संधी मला एका रुग्णासोबत गेल्यावर मिळाली. दंडातून रक्त काढून नळीत घेतलं, नळी यंत्रात गरगर फिरवली आणि बाहेर काढली तेव्हा तिच्यात तीन थर होते. खाली गडद लाल, वर पिवळसर पाणी, आणि मधे दुधाच्या सायीसारखी पातळ पांढरट रेघ. त्या रेघेच्या आसपास प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, दाटलेल्या असतात; पीआरपी म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा, ते यावरूनच. तेवढा भाग सुईने काढून गुडघ्यात दिला. प्लेटलेटमधली द्रव्यं सांध्यातली सूज शांत करतात, असा यामागचा विचार.

अडचण अशी की पीआरपी हे एक ठरलेलं औषध नाही. किती रक्त घेतलं, किती वेळा फिरवलं, पांढऱ्या पेशी ठेवल्या की काढल्या, यावर प्रत्येक ठिकाणचं द्रव्य वेगळं. निकालही वेगळे येतात. पीआरपीचा गुण सहा महिने ते वर्षभर जेलपेक्षा चांगला टिकतो, असं अनेक छोट्या चाचण्यांत दिसलं. पण ऑस्ट्रेलियात सिडनी आणि मेलबर्नमध्ये २८८ रुग्णांवर काटेकोर चाचणी झाली. कुणाला काय दिलंय हे रुग्णाला आणि टोचणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. २०२१ मध्ये निकाल आला: वर्षाअखेर पीआरपीवाल्यांचं दुखणं अकरा आकड्यांच्या मापावर २.१ने उतरलं आणि सलाइनच्या पाण्यावाल्यांचं १.८ने. कूर्चेतही फरक नाही. अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्येच पीआरपीच्या विरोधात ठाम शिफारस केली होती. अस्थिरोगतज्ज्ञांची संघटना मर्यादित स्वरूपात हो म्हणते.

या पाण्याच्या इंजेक्शनाकडे नीट बघा. नुसत्या सलाइननेही माणसांना बरंच बरं वाटलं. दुखणं वर-खाली होत असतं, आणि माणूस ते सर्वांत जास्त असतानाच दवाखान्यात जातो. शेजारणीला पडलेला आराम खरा असतो. तो इंजेक्शनमधल्या द्रव्यामुळेच पडला, असं मात्र त्यावरून ठरत नाही.

मग घ्यायचं कुणी? झीज ग्रेड एक-दोनची, वय तुलनेने कमी, व्यायाम नेमाने करूनही दुखणं उरलेलं, आणि खर्च झेपणारा असेल तर विचार करायला हरकत नाही. ग्रेड चारला, पाय धनुष्यासारखे बाकलेले असताना तीन पीआरपीचं "पॅकेज" कुणी गळ्यात मारत असेल तर उठून या. माझ्या एका रुग्णाला एक्स-रे काढण्याआधीच पॅकेजची पावती फाडून दिली होती. तो माणूस पेन्शनवर जगणारा होता. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

बाकीचे प्रकार

"स्टेमसेल" (मूळ पेशी) हा शब्द जाहिरातीत दिसला की जास्त सावध व्हा. दात्याच्या पेशींपासून तयार केलेल्या एका भारतीय उत्पादनाला गुडघ्याच्या झिजेसाठी २०२२ मध्ये औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आहे. क्लिनिकमध्ये तुमच्याच कमरेच्या हाडातला मगज किंवा पोटाची चरबी काढून टोचतात, तो वेगळा मामला. अमेरिकेत ४७५ रुग्णांवर मगज, चरबी आणि नाळेपासून काढलेल्या पेशी यांची साध्या स्टिरॉइडशी तुलना झाली. २०२३ मध्ये आलेल्या निकालात वर्षअखेर कोणतंच द्रव्य स्टिरॉइडपेक्षा सरस ठरलं नाही. ओझोन आणि साखरपाण्याच्या इंजेक्शनांमागे तर याहूनही थोडा आधार आहे.

आता तुमचं ठरवा

गुडघा सुजलाय, पाणी भरलंय, रात्री झोप नाही, व्यायाम करायला पाय उचलत नाही: स्टिरॉइड, एकदा. घरी पुढच्या महिन्यात लग्न आहे: तेही स्टिरॉइड, दोन-तीन आठवडे आधी. सूज नाही, दुखणं सौम्य आणि जुनं: आधी व्यायाम, मग परवडत असेल तर पीआरपी. साखर अनियंत्रित आहे म्हणून स्टिरॉइड नको, पण काहीतरी करायचं आहे: जेल किंवा पीआरपी, दोन्हींच्या मर्यादा मान्य करून. ग्रेड चार, पाय बाकलेला, घरातल्या घरात चालणं अवघड: शस्त्रक्रियेबद्दल बोला. इंजेक्शनवर वर्षं काढण्यात मांडीचे स्नायू सुकत जातात.

वारकऱ्यांना माझं सांगणं थोडं वेगळं असतं. प्रस्थानाच्या आदल्या दिवशी टोचून दुसऱ्या दिवशी चालायला लागू नका. दुखणं दबलेलं असतं, मग गुडघा थांब म्हणतोय हे कळत नाही. इंजेक्शन घ्यायचंच असेल तर तीन आठवडे आधी. मधल्या दिवसांत रोज थोडं-थोडं अंतर वाढवत चाला. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे, पूर्ण झेपत नसेल तर टप्पे निवडा. काठी घ्या, आणि ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा.

इंजेक्शनचा दिवस

जाण्याआधी डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी: मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी, कसलीही ॲलर्जी, अंगावर कुठे पिकलेली जखम किंवा दाताचा गळू, आधीच्या इंजेक्शनची तारीख. हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा तत्सम गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका. पीआरपी घेणार असाल तर आधी साधारण आठवडाभर आणि नंतर काही दिवस आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या टाळायला सांगतात. दुखलं तर पॅरासिटामॉल. नेमके दिवस तुमच्याच डॉक्टरांकडून घ्या.

विचारायचे प्रश्न चारच: औषधाचं नाव काय, किती वेळा द्यायचं, एकूण खर्च किती, आणि गुण आला नाही तर पुढे काय. गुडघा जाड असेल तर सोनोग्राफीत सुई बघून देणार का, हेही विचारा, म्हणजे औषध सांध्यातच पोचतं.

टोचायला फार वेळ लागत नाही. आडवं झोपवतात, गुडघ्याखाली गुंडाळी ठेवतात, कातडी जंतुनाशकाने पुसतात. पाणी भरलेलं असेल तर आधी ते सुईने काढतात. झिजेच्या गुडघ्यातलं पाणी गव्हाच्या काडीसारखं पिवळसर आणि स्वच्छ असतं. ते गढूळ निघालं तर डॉक्टर स्टिरॉइड देणं थांबवून पाणी तपासायला पाठवतात, आणि तसंच व्हायला हवं. मांडी सैल सोडा. ती आवळून धरली की सुई जास्त दुखते.

पहिले दोन दिवस घरातली चाल ठेवा, मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं, जिने, ओझी बंद. बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं. पहिल्या दिवशी दुखणं थोडं वाढू शकतं आणि दोन-तीन दिवसांत उतरतं. पण दुखणं उतरण्याऐवजी वाढतच गेलं, गुडघा लाल-गरम झाला, ताप आला, पाय टेकवेना, तर रात्र काढू नका. सांध्यात जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर तास मोजून वागावं लागतं.

तिसऱ्या दिवसापासून

माझ्यासाठी इंजेक्शनची खरी किंमत इथे वसूल होते. अमेरिकेच्या सैनिकी रुग्णालयांत १५६ जणांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फिजिओथेरपी घेणाऱ्यांचा गुडघा वर्षअखेर स्टिरॉइड घेणाऱ्यांपेक्षा सरस होता. माझा अनुभव असा, की ज्यांना दुखण्यामुळे व्यायामच करता येत नाही त्यांना इंजेक्शन ती वाट मोकळी करून देतं. ते सहा आठवडे गप्पांत घालवले तर सातव्या आठवड्यात माणूस होता तिथेच येतो.

पलंगावर पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती खाली दाबा, पाच मोजा, सोडा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. आठवड्यानंतर ताठ पाय वितभर उचलून धरायचा, तेवढाच वेळ. मग खुर्ची. बसण्याची जागा गुडघ्याच्या उंचीची असावी. हात छातीवर ठेवून उठा, बसा. तीस सेकंदांत किती वेळा जमलं ते दर रविवारी वहीत लिहा. लोणंदच्या काकूंचा आकडा इंजेक्शनच्या आठवड्यात पाच होता, दहाव्या आठवड्यात अकरा. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा.

पुन्हा घ्यायचं का?

वहीतच उत्तर असतं. किती आठवडे आराम टिकला आणि त्या काळात खुर्चीचा आकडा वाढला का, हे बघा. पहिल्या इंजेक्शनने चार आठवडेही काढले नाहीत तर तेच पुन्हा घेऊ नका. आराम दर वेळी कमी टिकत चालला असेल तर शस्त्रक्रियेचा विषय काढा, आणि एक हिशोब आधीच करा. गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनआधीच्या तीन महिन्यांत त्या गुडघ्यात इंजेक्शन दिलेलं असेल तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, म्हणून सर्जन तेवढं थांबायला लावतात. दिवाळीनंतर ऑपरेशन करायचं मनात असेल तर श्रावणापासून त्या गुडघ्याला सुई लावू देऊ नका. फाइलच्या पहिल्याच पानावर तारीख, औषधाचं नाव आणि कोणता गुडघा ते ठळक लिहून ठेवा.